कोरियन विद्यार्थ्यांना ‘नाईव्ह’ शिकवताना या चुका टाळा

सोलमधली माझी एक विद्यार्थिनी ऑनलाइन तासाला अगदी रडवेली होऊन बसली. ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्याला तिनं कौतुकानं लिहिलं होतं, ‘यू आर सो नाईव्ह.’ तेव्हापासून गडी कामापुरतंच बोलत होता.

तसं तिनं शब्दकोश बघूनच लिहिलं होतं. ‘नाईव्ह’ म्हणजे ‘सुन्जिनहादा’, असं कोरियात पाठ होतं. गोची अशी, की त्या एका शब्दात आपला ‘निरागस’ही मावतो आणि ‘भाबडा’ही. इंग्रजी ‘नाईव्ह’ मोठ्या माणसाला लावला की बहुतेक वेळा भाबडाच. आपण ‘भाबडा आशावाद’ म्हणतो ना, तो. तेव्हा शब्दांच्या वहीत, म्हणजे ‘दानओजांग’मध्ये, नुसता प्रतिशब्द लिहू देऊ नका. ‘डोन्ट बी नाईव्ह’ असं कोण कुणाला आणि कुठल्या सुरात म्हणेल, तेही लिहून घ्या. कौतुकाला ‘जेन्युइन’ आहे, ‘काइंड’ आहे.

दुसरी चूक माझीच. ‘ओवॉन’ म्हणजे व्युत्पत्ती. तिच्या आधारानं शब्द पाठ करण्याची कोरियन विद्यार्थ्यांना हौस. मलाही चेव आला. लॅटिन ‘नातिवुस’ म्हणजे जन्मजात, त्यावरून फ्रेंच शब्द, तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला; ‘नेटिव्ह’, ‘नेचर’, ‘नेशन’ ही सगळी भावंडं, आणि आपला ‘जन्म’सुद्धा लांबचा नातलग. पुढच्या तासाला एकानं लिहून आणलं, ‘आय ॲम अ नाईव्ह ऑफ बुसान.’ आता मी आधी अर्थ घोटून घेते, मुळाची गोष्ट आठवडाभरानं.

उच्चाराचं म्हणाल तर हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, ‘व्ह’ला अक्षरच नाही. शब्द ‘ना-इ-बु’ असा तीन सारख्या ठोक्यांत येतो. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला सांगा, जोर ‘ई’वर.

कधी ‘शी नाईव्ह’ असंही ऐकू येतं. कोरियन विशेषण क्रियापदासारखं चालतं, ‘आहे’ त्याच्या पोटातच असतं. म्हणून सुरुवातीपासून ‘इज नाईव्ह’ असं जोडूनच म्हणायला लावा.

त्या मुलीनं शेवटी सहकाऱ्याला मूळ कोरियन शब्दच समजावून सांगितला. आता तोच तिला ‘सुन्जिन’ म्हणतो. कुठल्या अर्थानं, ते तिनं अजून विचारलेलं नाही.