शिडाच्या छोट्या बोटीचे सुकाणू: जागा, कोन आणि खोली कशी तपासावी

टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) फार जड लागतो, म्हणून सुकाणू थोडे पुढे किंवा मागे सरकवावे का, असा प्रश्न छोटी शिडाची बोट चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी पडतो. सुकाणू जिला टांगलेले असते त्या बोटीच्या मागच्या फळीला नवी भोके पाडण्यापूर्वी दोन अंतरे मोजावीत. पहिले अंतर मीटरमध्ये मोजायचे असते: बोटीच्या मधोमध पाण्यात उतरणाऱ्या उभ्या फळीपासून, म्हणजे डॅगरबोर्डपासून, सुकाणूच्या पात्यापर्यंतचे. दुसरे सेंटिमीटरमध्ये मोजायचे असते: पाते ज्या अक्षाभोवती फिरते, त्या अक्षापासून पाण्याचा दाब पात्यावर जिथे एकवटतो त्या बिंदूपर्यंतचे. बोट किती जोराने वळेल हे पहिल्या अंतरावर ठरते आणि हाताला किती ओढ बसेल हे दुसऱ्यावर. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की दुरुस्ती हमखास चुकीच्या जागी होते.

पहिल्या अंतराचा हिशेब पहारेसारखा आहे. बोट ढोबळमानाने डॅगरबोर्डच्या आसपास वळते, त्यामुळे सुकाणू त्याच्यापासून जितके लांब, तितक्या कमी जोरात काम होते. सुमारे 4.2 मीटर लांबीच्या लेझरसारख्या बोटीत सुकाणू अगदी मागच्या फळीवर टांगलेले असते, ते यासाठीच. समजा, हे अंतर 2 मीटर आहे आणि सुकाणू 10 सेंटिमीटर पुढे घेतले, तर वळवण्याची ताकद जेमतेम 5 टक्क्यांनी घटते. याउलट, पाण्याखाली 60 सेंटिमीटर असलेले पाते 6 सेंटिमीटरने लांब केले, तर क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढते, आणि वाढलेला भाग बोटीच्या तळाने ढवळलेल्या पाण्याच्या खाली, स्वच्छ प्रवाहात जातो. बोट वळायला आळस करत असेल, तर जागेपेक्षा खोलीकडे आधी पाहावे, असे माझे मत आहे. शर्यतीच्या बोटींना मात्र पात्याचा आकार सहसा मनाप्रमाणे बदलता येत नाही. त्या चालवणाऱ्यांनी आपल्या बोटीच्या वर्गाचे नियम वाचावेत.

दुसरे अंतर लहान असले तरी खरी गंमत तिथेच आहे. 20 सेंटिमीटर रुंदीचे पाते सरळ खाली उतरलेले आहे आणि त्याची पुढची कड अक्षाच्या रेषेत आहे, असे धरू. अशा पात्यावर दाब साधारणपणे रुंदीच्या पहिल्या चतुर्थांशावर, म्हणजे अक्षापासून 5 सेंटिमीटर मागे एकवटतो. आता तेच पाते 10 अंशांनी मागे झुकले, तर 30 सेंटिमीटर खोलीवरचा त्याचा मध्य आणखी सुमारे 5 सेंटिमीटर मागे जातो. अंतर दुप्पट झाले, म्हणजे हातावरची ओढही दुप्पट झाली. बोट वळवणारा जोर मात्र जवळपास तेवढाच राहिला. लेझरमध्ये पाते खाली धरणारी दोरी टिलरवरच्या क्लीटमध्ये (दोरी पकडणाऱ्या खाचेत) अडकवलेली असते. ती जराशी घसरली, की पाते हळूच वर येते आणि नवशिका वाऱ्याला दोष देत राहतो.

तपासणी किनाऱ्यावर ट्रॉलीवरच करावी. पाते पूर्ण खाली ओढून दोरी घट्ट करावी आणि दोन्ही पिंटलच्या (सुकाणू ज्यांवर टांगले जाते आणि फिरते त्या खिळ्यांच्या) मध्यातून खाली येईल अशी सरळ पट्टी पात्याला लावावी. ओळंबा येथे कामाचा नाही, कारण मागची फळी बहुधा तिरकी असते आणि अक्षही तिच्याबरोबर तिरका होतो. पात्याची पुढची कड पट्टीच्या मागे पडत असेल, तर जडपणाचे कारण सापडले. 20 सेंटिमीटरच्या पात्यात ती पट्टीच्या 2 सेंटिमीटर पुढे असली तर टिलर हलका होतो. मात्र 5 सेंटिमीटरपर्यंत पुढे गेली, तर टिलर निर्जीव वाटतो आणि सोडताच स्वतःहून भलतीकडे ओढ घेतो.

त्यानंतर मध्यम वाऱ्यात, बोट सपाट ठेवून, वारा येतो त्या दिशेच्या शक्य तितकी जवळ चालवावी. टिलरखाली डेकवर मध्यरेषा दाखवणारी चिकटपट्टी लावली, तर कोन नजरेने कळतो. टिलर मध्यापासून 4–5 अंशच दूर असूनही जड लागत असेल, तर पात्याचा कोन बिघडला आहे. टिलर 10 अंशांहून अधिक ओढून धरावा लागत असेल, तर दोष सुकाणूत नाही: शीड आणि डॅगरबोर्ड यांचा तोल जुळलेला नाही, किंवा बोट जास्त कलली आहे. अशा वेळी सुकाणू सरकवले तर दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. 15–20 अंशांपलीकडे पाते वळवण्यापेक्षा ब्रेकचेच काम अधिक करते.

मागच्या फळीवरच्या सुकाणूची एक उणीव मान्य करायला हवी. बोट कलली, की पात्याचा वरचा भाग पाण्याबाहेर येतो, पाते पृष्ठभागावरून हवा खाली खेचते आणि पकड अचानक सुटते. तेव्हा टिलर आणखी ओढू नये. शिडाची शीट (शीड ओढून धरणारी दोरी) सैल करून, अंग बाहेर टाकून बोट आधी सपाट करावी. तळाखाली बसवलेले सुकाणू हवा सहसा खेचत नाही आणि तळ व पाते यांच्यातली फट अगदी थोडी ठेवली, तर अधिक कार्यक्षमही ठरते. पण ते डॅगरबोर्डच्या जवळ येते आणि वर उचलता येत नाही. कोकणातल्या खाडीत ओहोटीला गाळ आणि मच्छीमारांची जाळी यांतून वाट काढायची असेल, तर वर उचलता येणारे मागचे सुकाणूच बरे. मिनी 6.50 वर्गातल्या रुंद पाठीच्या शर्यती बोटींसारखी दोन सुकाणू बसवण्याचा खटाटोप 4 मीटरच्या बोटीला परवडत नाही.

कोन, खोली आणि जागा यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर वेळी त्याच चिकटपट्टीवर टिलरचा कोन पाहावा. सुकाणू पुन्हा टांगल्यावर त्याला वर सरकू न देणारी छोटी स्प्रिंगपट्टी नीट बसली आहे ना, हे ते हाताने वर उचलून पाहावे. ती बसली नसेल, तर बोट उलटताच सुकाणू पिंटलसकट निसटते.