बाथरूमचं पाणी बागेला सोडताय? मग या चुका टाळा

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे अंघोळीचं आणि मशीनचं एवढं पाणी गटारात जाताना बघून जीव तुटतो, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही ते बागेकडे वळवलं. पहिल्याच वर्षात जास्वंद पिवळी पडली, लिंबाची पानं कडेनं करपली आणि ड्रमचा वास शेजारच्या काकूंच्या देवघरापर्यंत गेला. फिल्टर तर होता की! खडी, वाळू, कोळसा, सगळं यूट्यूबवर बघून केलेलं.

पण फिल्टर केला म्हणजे काम झालं, हीच सगळ्यात मोठी चूक. खडी-वाळू केस, धागे, मळ अडवते, पाण्यात विरघळलेलं मीठ अडवत नाही. आणि कपड्यांच्या पावडरमध्ये सोडियमचे क्षार भरपूर असतात, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियमच की. वर हे पाणी अल्कलीही असतं. आपली काळी माती मुळातच अल्कलीकडे झुकलेली, त्यात हे पडलं की झाडाला लोह उचलता येत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मी वेड्यासारखी युरिया घालत होते. पान असं दिसलं तर खत वाढवू नका, आधी पावडरचं पाणी बंद करा. तुरटी फिरवूनही मीठ जात नाही बरं का, गाळ खाली बसतो एवढंच.

आम्ही आता काय करतो, तर मशीनचं पहिलं पाणी, म्हणजे पावडर असलेलं, सरळ ड्रेनेजला आणि खळबळायचं पाणी बागेला. पावडरऐवजी लिक्विड वापरलं तर बहुतेक वेळा मीठ कमी पडतं, पण ब्लीच किंवा बोरॅक्स असलेलं काही नको, बोरॉन लिंबाच्या वर्गाला अजिबात चालत नाही. आमची आजी राखेनं भांडी घासायची आणि मोरीचं पाणी परसात केळी, अळू, कर्दळीला जायचं, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही, कारण राखेत पोटॅश, ते झाड खातं. आपण साबण बदलला आणि पद्धत तीच ठेवली.

मातीचं नुकसान झालंय का हे घरी कळतं. बागेतलं वाळलेलं छोटं ढेकूळ घ्या, काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा एसीचं पाणी घेऊन त्यात अलगद सोडा आणि हलवू नका (बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी टेस्ट फसते). दोन तासांनी बघा. ढेकूळ नुसतं फुटून खाली पडलं तर ठीक, पण त्याच्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर सोडियमनं मातीचे कण सुटे केलेत, म्हणूनच वरून पाणी घातलं की डबकं साचतं आणि वाळलं की फरशीसारखा कडक थर होतो. यावर उपाय जिप्सम, शेतीचं, पीओपी नाही, कृषी सेवा केंद्रात मिळतं. चौरस मीटरला अर्धा किलो मातीत मिसळायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मिसळायचं म्हणजे सुटलेलं सोडियम पावसानं खाली धुऊन जातं. पाऊसच नसेल तर नळाचं गोडं पाणी भरपूर द्यावं लागतं, नाहीतर उपयोग नाही.

दुसरी चूक साठवणुकीची. आम्ही ५०० लिटरचा ड्रम ठेवला होता, रविवारी निवांत बाग भिजवू म्हणून! असलं पाणी २४ तासांच्या वर ठेवायचंच नाही. त्यातले जंतू ऑक्सिजन संपवतात, पाणी काळपट होतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि झाकण सैल असलं की डास. वास आला म्हणून ब्लीचिंग पावडर टाकू नका, ती मळातच संपते आणि जास्त झाली तर मातीतले चांगले जीव मारते. ड्रम रिकामा करा, धुवा आणि आजचं पाणी आज वापरा.

आजचं आज संपतं का? आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा जो हिशोब असतो त्यात ५५ अंघोळीचे आणि २० कपड्यांचे धरतात, म्हणजे चौघांच्या घरात ३०० लिटर. आमच्याकडे पाणीच तेवढं येत नाही ते सोडा. उन्हात जमिनीला दिवसाला चौरस मीटरमागे ठोकळ ५ लिटर लागतं असं धरलं तर ३०० लिटरला ६० चौरस मीटर बाग हवी. बाग छोटी असेल तर अर्ध्याच पाइपा वळवा, सगळं पाणी चार झाडांच्या बोडख्यावर ओतलं की मुळं कुजतात. आणि कुंड्यांना तर देऊच नका, मीठ तिथल्या तिथे साठतं, वर पांढरी बुरशी वाटते ती बऱ्याचदा क्षार असतात.

मशीनचा एक किस्सा. पाइप मी जमिनीवरच्या बादलीत सोडला, तर मशीन एकीकडे पाणी भरतंय आणि दुसरीकडे ते आपोआप बाहेर जातंय, तासभर धुणं सुरूच होईना. मेकॅनिक आला, पाइप वर अडकवला, पैसे घेतले, गेला. सायफन होतो हो, पाइपचं तोंड मशीनच्या मागे कंबरेएवढ्या उंचीवरच ठेवा आणि तिथून पुढे उतारानं न्या. तोंडाला जुन्या नायलॉन साडीचा तुकडा बांधा, धागे अडकतात, पण तो दर आठवड्याला धुवायचा.

किचन सिंकचं पाणी सुरुवातीला घेऊच नका. आम्ही पाणी गाळायला खडी भरून त्यात कर्दळी लावलेली वाफी केली होती, तेलकट थर बसून ती सहा महिन्यांत तुंबली, पाणी खडीच्या वर आलं. अशी वाफी करायची तर माणशी साधारण एक चौरस मीटर धरा, क्रश सँड नको, त्यातल्या भुकटीनं चोंदते, आणि पाण्याची पातळी खडीच्या चार बोटं खालीच राहिली पाहिजे. तुंबली तर सगळी उकरायची गरज नाही, बहुतेक वेळा जिथे पाणी शिरतं तिथली फूटभर खडीच काढून धुतली की चालू होते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र सरळ झाडाला घाला.

पाइपनं फवारू नका, झाडाला आळं करून पालापाचोळा टाका आणि पाणी त्याच्या खाली सोडा. कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर यांना हे पाणी नाही म्हणजे नाही. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी किंवा घरात कुणाला जुलाब असतील तेव्हाचं पाणी पण ड्रेनेजलाच, त्यासाठी आणि पावसाळ्यासाठी सुरुवातीलाच एक वळणाचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. आमचा प्लंबर म्हणाला कशाला खर्च ताई, नंतर फरशी फोडून बसवला. नळाच्या पाइपाला ही लाइन कुठेही जोडू नका, उलटं पाणी टाकीत गेलं तर काय होईल सांगायला नको.

चिकू, नारळ, कण्हेर, बोगनवेल हे सगळं सोसतात. गुलाब, अनंत नाही सोसत. गेल्या जूनमध्ये जिप्सम घातलं, जास्वंद आता हिरवी आहे, ग्लासातलं ढेकूळ मात्र अजून किंचित गढूळ होतं, म्हणून लिंबाला आम्ही सध्या नळाचंच पाणी देतो.