सहकारी बँकेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणताना

पुण्याच्या पेठांतील छोट्या नागरी सहकारी बँकेने कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरुवात कर्जमंजुरीपासून न करता, अर्जासोबतची कागदपत्रे वाचून तपशील भरण्यासारख्या कामापासून करावी, आणि एकाच शाखेत तीन महिने जुनी पद्धतही सोबत चालू ठेवावी. ग्राहकांची माहिती ही प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीने अन्य कामासाठी वापरू नये, हे करारातच लिहून घ्यावे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा संचालकांनी स्वतः वाचलेला असावा.

कर्जाबाबत मात्र फार जपावे लागते. मंडईतील भाजीविक्रेतीची पिग्मी, म्हणजे बँकेचा प्रतिनिधी रोज येऊन गोळा करतो ती छोटी बचत, पावसाळ्यात आठ दिवस खंडली, तर प्रणालीला ती जोखीम वाटेल; रोज तिच्या गाळ्यावर जाणाऱ्या प्रतिनिधीला कारण ठाऊक असते. त्यामुळे नकाराचा निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यावा आणि कारण मराठीत लेखी द्यावे.