झाशीला जाताय? मुक्काम ओरछ्यात करा
झाशीचा किल्ला आणि राणीमहाल पाहून आपली मंडळी थेट ग्वाल्हेर गाठतात. एक रात्र ओरछ्यात, बुंदेला राजांच्या या जुन्या राजधानीत, राहाच. झाशीहून रिक्षाने तासाभरात पोहोचता. इथे रामाची पूजा राजा म्हणून होते आणि रामराजाला रोज पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. संध्याकाळच्या आरतीची ती सलामी अजिबात चुकवू नका! मात्र मंदिर दुपारी बंद असतं, आरतीची वेळही उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलते. उतरल्याबरोबर विचारून घ्या. मंदिरात जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवा. दुपारचा वेळ राजा वीरसिंह देव यांनी बांधलेल्या जहांगीर महालाला द्या. शेजारच्या राजमहालातली भित्तिचित्रं अंधाऱ्या दालनांत आहेत, तेव्हा विजेरी सोबत हवी. जिने उंच आणि अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बेतवा नदीकाठच्या छत्र्या (राजांची स्मारकं) आधी पाहाव्यात.