गोल दिसला म्हणून गोल नसतो: व्हायरसची रचना शिकताना मी जिथं अडकले

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा एक फोटो पुढं सरकवला. करड्या रंगाचे गोल गोल कण, कडेनं बारीक झालर. मी लगेच म्हटलं इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लूचा व्हायरस, ते बरोबर होतं. सिमेट्री, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्यांची मांडणी, कुठली? म्हटलं आयकोसाहेड्रल, म्हणजे वीस त्रिकोणी बाजूंची. का? गोल आहे ना सर. ते काही बोलले नाहीत, पुढचा प्रश्न टाकला, दाराच्या कडीवर इन्फ्लुएंझा जास्त टिकेल का एडिनो, म्हणजे सर्दी-डोळे येण्याचा एक व्हायरस? म्हटलं इन्फ्लुएंझा, त्याला एक कव्हर जास्त आहे. दोन्ही उत्तरं चुकली आणि पासापुरते मार्क पडले. घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. आजही तो फोटो कुठं दिसला की पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहितेय.

बेसिक तुम्हाला येतं असं धरते. जीनोम, म्हणजे व्हायरसचा जनुकांचा साठा, डीएनए किंवा आरएनए, त्याच्याभोवती प्रोटीनचं कवच म्हणजे कॅप्सिड, काहींना वरून लिपिडचं, म्हणजे चरबीचं, आवरण म्हणजे एन्व्हलप. प्रोटीन बनवणारे स्वतःचे रायबोसोम नाहीत, ऊर्जा तयार करायची सोय नाही, पेशीत शिरल्याशिवाय वाढ नाही, बॅक्टेरियासारखं दोनात विभागणं नाही. साइज साधारण 20 ते 300 नॅनोमीटर, त्याहून मोठे अपवाद आहेत. व्हायरसच्या शोधाचे टप्पे, इव्हानोव्स्की 1892, बायरिंक 1898, स्टॅन्लीनं 1935 मध्ये तंबाखूच्या मोझॅक व्हायरसचे क्रिस्टल केले. हे एका संध्याकाळीत होतं, याच्यावर आठवडा घालवू नका.

आठवडा घालवायचा तो एन्व्हलपवर. मी घालवला नाही कारण माझ्याकडं एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स होत्या, त्यात लिहिलेलं होतं, गोल म्हणजे आयकोसाहेड्रल, लांब म्हणजे हेलिकल, पीळ घेतलेलं. बास. सोपं वाटलं, पाठ केलं. असल्या एका ओळीच्या शॉर्टकटनी पोरं बुडतात हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी चालेल. शॉर्टकट वाईट नसतो, पण तो ज्याला आधी सगळं कळलंय त्याच्यासाठी असतो, नवीन माणसाच्या हातात दिला की तो शिकणंच बंद करतो.

मला ते कळलं सोलापुरात कन्ना चौकाजवळ राहणाऱ्या एका सिनियर ताईकडं. तिच्या घराशेजारी पॉवरलूमचा कारखाना, घरात चादरी आणि सुताच्या कांड्या कायम पडलेल्या. माझं रडगाणं ऐकून तिनं काही समजावलं नाही, उठून दोन चादरी अंथरल्या. एकीत स्टीलचा डबा ठेवला, दुसरीत आठ कांड्या मोजून ठेवल्या, दोन्हींच्या गाठी मारल्या आणि म्हणाली, आता बघ. दोन गाठोडी, बाहेरून सारखीच गोलमटोल. डबा कशात आहे सांग. मला सांगता येईना.

डबा म्हणजे हर्पिस. आत पक्कं आयकोसाहेड्रल कॅप्सिड, वर चादर म्हणजे एन्व्हलप. कांड्या म्हणजे इन्फ्लुएंझा, त्याच्या आरएनएचे आठ तुकडे, प्रत्येक तुकडा प्रोटीनसोबत पीळ घेऊन हेलिकल झालेला, आणि ते सगळे एका चादरीत. फोटोत जो गोल दिसतो तो चादरीचा आकार. सिमेट्री विचारतात ती आतल्याची. चादर लवचिक असते, त्यामुळं इन्फ्लुएंझाचे कण सगळे एकसारखे गोलसुद्धा नसतात, कधी लंबगोल तर पेशंटकडून नुकत्याच वेगळ्या केलेल्या व्हायरसमध्ये चक्क दोऱ्यासारखे लांब. रेबीज बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो, आत हेलिकल. कोरोना गोल दिसतो, आत तोही हेलिकल. बाहेरचं बघून आतलं सांगायचं नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलंय.

पुढची गोष्ट नीट वाचा, माझा दुसरा प्रश्न इथं चुकला. ही चादर व्हायरसची स्वतःची नसते. ज्या पेशीत तो शिरला तिच्याच पडद्यातली असते, बाहेर पडताना तो अंगावर ओढून निघतो. इन्फ्लुएंझा पेशीच्या बाहेरच्या पडद्यातून, कोरोना आतल्या पडद्यातून. चादर दुसऱ्याच्या घरची, वरची नक्षी मात्र स्वतःची, म्हणजे त्या झालरीची प्रोटीनं व्हायरसच्या जीनोमवरून बनलेली, इन्फ्लुएंझाचं हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. आणि नवीन पेशीला चिकटायचं काम ही नक्षीच करते. आता साबण लावला की लिपिड विरघळतं, चादर फाटते, नक्षी गेली, आतला माल शाबूत असला तरी पेशीत शिरायचा रस्ता बंद. म्हणजे कव्हर जास्त असलेला कमजोर! मी पार उलटं समजत होते. एडिनो, पोलिओ, रोटा, हिपॅटायटिस ए यांना चादरच नाही, चिकटायची सोय थेट कॅप्सिडवर, त्यामुळं फाटायला काही नाही. ते सुकून टिकतात, पोटातलं ॲसिड आणि पित्त सोसतात, म्हणून तर पोलिओ, रोटा आणि हिपॅटायटिस ए तोंडावाटे पसरू शकतात. आपल्याकडं सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, बॅरल भरून दिवसच्या दिवस वापरतो, त्यात घाण हात बुडला तर हिपॅटायटिस एला तेवढं पुरतं. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसलाही चादर नाही, त्याच्यावर सॅनिटायझर फार भरवशाचं नाही, साबण-पाण्यानं चोळून वाहवूनच लावावा लागतो. अपवादही लिहून ठेवा नाहीतर परत शॉर्टकट होईल: हिपॅटायटिस बीला एन्व्हलप असूनही तो बाहेर सात दिवस टिकू शकतो, आणि देवीच्या कुळातले व्हायरस सुकलेल्या खपल्यातही तग धरतात.

हेलिकल समजायला कांडी चांगली, पण एका ठिकाणी ती फसवते. कांडीत मधे दांडा असतो आणि त्याच्यावर सूत. तंबाखूच्या मोझॅक व्हायरसमध्ये दांडा नाहीच, मधे पोकळी आहे. प्रोटीनचे 2130 एकसारखे तुकडे जिन्यासारखे वर चढत जातात आणि आरएनए त्यांच्या खाचेत बसतो, एका तुकड्याला तीन न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएच्या साखळीतले मणी. गुणाकार करा, 6390 येतात, आणि जीनोम साधारण 6400 चा आहे. हा हिशोब जुळला तेव्हा पहिल्यांदा मला हा विषय आवडला. माझी आई विड्या वळायची, घरात तंबाखूचा वास कायम, आणि हा व्हायरस वाळलेल्या तंबाखूत वर्षानुवर्षं टिकतो, हाताला लागून टोमॅटोच्या रोपावर जाऊ शकतो. त्यालाही चादर नाही. तो झाडाचा व्हायरस आहे हे लक्षात ठेवा. प्राण्यांमध्ये हेलिकल कॅप्सिड असलेले झाडून सगळे चादरवाले, हा नियम मात्र खुशाल वापरा.

आयकोसाहेड्रलला घाबरू नका, खरंच. 20 त्रिकोणी बाजू, 12 कोपरे, 30 कडा. कॅस्पर आणि क्लुग या शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये जो टी नंबर, म्हणजे कवच किती तुकड्यांचं हे सांगणारा आकडा, सांगितला त्याचं गणित सातवीचं आहे: दहा गुणिले टी अधिक दोन म्हणजे कॅप्सोमर, कवचावर दिसणारे प्रोटीनचे गठ्ठे. हर्पिसचा टी 16, म्हणून 162. एडिनोचा 25, म्हणून 252, त्यातले 12 कोपऱ्यांवर, त्यांना पेंटॉन म्हणतात, आणि बाकीचे 240 हेक्सॉन. एडिनोच्या प्रत्येक कोपऱ्यातून एक फायबर बाहेर येतो, चिकटायला तोच. कागदाचा एक आयकोसाहेड्रॉन करून बघा, अर्धा तास लागतो, मला दोन लागले.

गुरूबद्दल एक बोलते. पीपीटी वाचून दाखवणारा नको, भले त्याचं नाव कितीही मोठं असो. हातात खडू घेऊन चित्र काढणारा, आणि तुम्ही चुकलात की "का असं वाटलं" विचारणारा शोधा. असा माणूस कॉलेजात नसेल तर सिनियरमध्ये असतो, लाज सोडून दार वाजवा. आणि व्हायव्हात चुकलात तर तुम्ही ढ आहात असं अजिबात नाही, ही एन्व्हलपची गफलत मी नंतर नेट-सेटची तयारी करणाऱ्यांकडूनही ऐकलीय. पण चुकल्यावर फक्त बरोबर उत्तर पाठ करून पुढं गेलात तर त्याच ठिकाणी परत पडाल, फोटो तेवढा वेगळा असेल.

आज रात्री पुस्तक बंद करून तीनच चित्रं काढा, इन्फ्लुएंझा, हर्पिस आणि पोलिओ. पोलिओवर चादर काढली असेल तर खोडा आणि परत काढा.