राज्यक्रांतीची कारणं लिहायची असतील तर आधी पावाचा भाव मांडा

परळच्या एका रात्रशाळेत मी इतिहास शिकवते. ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा’ म्हटलं की मुलं राजकीय, सामाजिक, आर्थिक असे तीन मथळे टाकतात आणि प्रत्येकाखाली पाठ केलेल्या चार ओळी उतरवतात. तसं करू नका. आधी वहीत एक हिशेब मांडा.

१७८८ च्या जुलैत गारपिटीनं फ्रान्समधलं उभं पीक झोपलं, वर हिवाळा कडक गेला. पॅरिसमध्ये जवळपास दोन किलोचा पाव एरवी आठ-नऊ सूला (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) मिळायचा, तो १७८९ च्या फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेला. मजुराचा रोज वीस-तीस सू. चार तोंडांच्या घराला दिवसाला असे दोन पाव लागायचे. करा वजाबाकी. माझ्या वर्गातला एक मुलगा पहाटेपासून बेकरीच्या भट्टीवर असतो, संध्याकाळी नखांत मैदा घेऊनच बाकावर बसतो. फळ्यावरचा हिशेब बघून त्यानं विचारलं, “बाई, मग खोलीचं भाडं कुठनं द्यायचं?” तुमचा पहिला परिच्छेद या प्रश्नापर्यंत पोचला पाहिजे.

तिथेच थांबू नका मात्र. १७७५ मध्येही पीठ महागलं होतं, दंगे झाले होते, आणि फौजेनं ते मोडून काढले. मग १७८९ मध्येच सिंहासन का हललं? सगळ्यात जास्त जागा याला द्या.

खजिना रिकामा होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतल्यामुळे कर्ज फुगलेलं, १७८८ साली सरकारी खर्चातला जवळपास निम्मा पैसा कर्जापायीच जात होता. धर्मगुरू आणि उमराव बहुतेक करांतून सुटलेले. भार रयतेवर, मिठावरसुद्धा कर. ती चीड समजायला आपल्याला लांब जायला नको, १९३० साली इथे वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्यात. शेवटी पैशासाठी राजा सोळाव्या लुईला इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि बाकीची रयत या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली, १६१४ नंतर पहिल्यांदाच. त्यासाठी गावोगावची गाऱ्हाणी लिहून घेतली गेली. इतकी वर्षं मुकाट सोसलेलं कागदावर आलं, आणि शेजारच्या गावाचंही दुखणं तेच आहे हे लोकांना कळलं. ५ मे १७८९ ला सभा भरली. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सहाशेच्या आसपास, बाकी दोन वर्गांचे मिळून साधारण तेवढेच. पण जुन्या रिवाजाप्रमाणे मत माणशी नव्हतं, वर्गाला एक. दोनास एक! हे चौकटी काढून दाखवा.

रूसो, माँतेस्क्यू या विचारवंतांना दोन ओळी पुरेत. पॅरिसमधल्या बॅस्टिलच्या तुरुंगाबद्दल लिहिताना तिथे किती कैदी होते यापेक्षा १४ जुलैला राजाच्याच फौजेतले फ्रेंच गार्डचे शिपाई लोकांच्या बाजूनं लढले, हे लिहा; १७७५ शी ताडून बघा. राणीचं ‘पाव नसेल तर केक खा’ हे वाक्य गाळा, ती तसं म्हणाल्याचा पुरावा नाही.

त्याऐवजी ५ ऑक्टोबर घ्या. त्या दिवशी पावासाठी पॅरिसच्या बायका पावसात व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत चालत गेल्या. वीसेक किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चर्चगेटहून अंधेरी. दुसऱ्या दिवशी राजाला घेऊनच परतल्या.