आधी भोक बघा, संत नंतर

मी वसईची, आणि कामाने सुईण. कागदोपत्री ‘मिडवाइफ’, पण माझी आजी गावात सुईणच होती, म्हणून मला तोच शब्द जवळचा. आयर्लंडमधल्या मीथ काउंटीत, नावनला राहते. सुट्टी मिळाली की जुन्या चर्चमधली बाप्तिस्म्याची दगडी कुंडं बघायला निघते. इथे त्यांना ‘फॉन्ट’ म्हणतात. नवरा दर शनिवारी तोच विनोद करतो, "आज कुठला फॉन्ट, मंगल की कृतिदेव?"

आपल्याकडची मंडळी इथे येतात, चर्चमध्ये डोकावतात, कुंडाचा एक फोटो काढतात आणि निघतात. घरी जाऊन बघावं तर फोटोत एक करडा गोळा. म्हणून मी कसं बघते ते सांगते.

सोबत एक मोजपट्टी, एक साधा टॉर्च आणि वही घ्या. खडू, ब्रश, पाण्याची बाटली यांतलं काही कुंडाजवळ नेऊ नका. दगड ओला केला की नक्षी उठून दिसते असं कुणीतरी सांगतंच. ऐकू नका. खडूने रेषा गिरवणं तर त्याहून वाईट, कारण जी रेष नाहीच ती आपण काढून बसतो आणि पुढचा माणूस तीच खरी धरतो.

पोहोचलात की पहिल्यांदा कुंडाच्या आतली रुंदी मोजा. हे मी फजिती होऊन शिकले. एका पडक्या चर्चमध्ये दाराशेजारी भिंतीत बसवलेलं दगडी पात्र दिसलं. मी हरखून फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले, खाली ‘15व्या शतकातलं कुंड’ असंही लिहिलं. शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला दाखवलं तर त्या म्हणाल्या, "केवढं होतं गं?" मी दोन्ही ओंजळी जोडून दाखवल्या. "मग ह्यात बाळ बुडवणार कसं?" रोज नवजात बाळं हातात घेणारी मी, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता! ते होतं आत शिरताना बोटं बुडवून क्रूस काढायचं तीर्थाचं पात्र. मध्ययुगात बाप्तिस्मा देताना बाळाला पाण्यात बुडवत. नुसतं कपाळावर पाणी घालायची रीत सर्रास झाली ती पुढे. नवजात बाळ साधारण 50 सेंटीमीटर लांब असतं. गुडघे पोटाशी घेतलेलं बाळ दोन्ही हातांवर धरून आत उतरवता येईल एवढी जागा हवी. जिथे बाळाचं डोकंही मावत नाही, ते कुंड नव्हे. शेतात, ओढ्याकाठी खळगा असलेले मोठे धोंडे दिसतात, त्यांना ‘बुलॉन’ म्हणतात. तेही वेगळं प्रकरण.

मग आत वाकून तळ बघा. मधोमध भोक असतं. बुजवलेलं असेल, शिशाचं अस्तर असेल तर त्याखाली झाकलेलं असेल. आशीर्वादित पाणी गटारात जाता कामा नये, ते जमिनीतच मुरलं पाहिजे, म्हणून ही सोय. मला हे समजायला पुस्तक लागलं नाही. आजी ईस्टरचं उरलेलं पवित्र पाणी नेमाने नारळाच्या आळ्यात ओतायची, आणि आम्ही पोरांनी मोरीत ओतलं तर पाठीत धपाटा बसायचा. कुंड एकदा भोकापासून बघायला लागलं की ते नक्षीकामाचा नमुना राहत नाही. वापरातली वस्तू होते. बाजूंवर कोरलेल्या संतांना मी मुद्दाम शेवटी ठेवते ते यासाठीच.

तळानंतर काठावरून बोट न लावता नजर फिरवा. कुठे लोखंड गंजल्याचा तांबूस डाग, कुठे समोरासमोर दोन खाचा, कुठे टवका उडालेला. या झाकणाच्या खुणा असू शकतात. ईस्टरच्या आदल्या रात्री आशीर्वाद दिलेलं पाणी कुंडात ठेवून देत, आणि ते जादूटोण्यासाठी कुणी पळवू नये म्हणून कुंडांना झाकण घालून कुलूप लावत.

आता आकार. 1172च्या सुमाराला आयर्लंडमधल्या कॅशलच्या धर्मसभेने ठरवलं की बाळांचा बाप्तिस्मा चर्चमधल्या कुंडातच व्हावा. त्याच काळात इंग्लंडहून नॉर्मन आले, गावोगाव धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, आखली गेली. तेव्हाची कुंडं बहुतेक चौकोनी, जड, जाड काठाची. बाजूंवर उथळ कमानी किंवा पन्हळी, खाली मधला खांब आणि बहुधा चार कोपऱ्यांना चार बारीक खांब. किल्केनीच्या सेंट कॅनिस कॅथेड्रलमधलं काळं चौकोनी कुंड याच जातीचं, 12व्या शतकातलं. त्या दगडाला सगळे ‘किल्केनी मार्बल’ म्हणतात, पण तो संगमरवर नाही, चुनखडक आहे. पॉलिश केलेल्या दगडात पांढरे शिंपले दिसतात तिथे नीट बघा, ते नक्षीकाम नाही, जीवाश्म आहेत. पुढे 15व्या शतकात अष्टकोनी, कधी त्याहूनही जास्त बाजूंची कुंडं आली, आणि बाजूंवर मूर्ती आल्या. आठ का, तर सात दिवसांनंतरचा आठवा दिवस, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा, नव्या जन्माचा.

मूर्ती बघताना चर्चमधला वरचा दिवा आणि फोनचा फ्लॅश, दोन्ही वैरी. समोरून उजेड पडला की सगळं सपाट. टॉर्च कुंडाच्या बाजूला, दगडाला जवळजवळ समांतर धरा आणि सावकाश फिरवा. ज्यांनी गावच्या वेशीवरचे वीरगळ वाचायचा प्रयत्न केलाय त्यांना ही युक्ती ठाऊक असेल: कललेल्या उन्हात जे दिसतं ते भर दुपारी दिसत नाही. आधी चेहरे शोधू नका, ते झिजलेलेच असतात. हातात काय आहे ते बघा. किल्ल्या म्हणजे संत पीटर. तिरपा क्रूस म्हणजे अँड्र्यू. शिंपला किंवा प्रवाशाची काठी असेल तर थोरला जेम्स, पेला असेल तर जॉन, करवत असेल तर सायमन. तलवार आणि सुरी यांत माझी अजून गल्लत होते. तलवार पॉलची, सुरी बार्थोलोम्यूची, कारण त्याची कातडी सोलली होती. पातं झिजलं की दोन्ही सारखीच. अशा वेळी मी वहीत ‘पातं’ एवढंच लिहिते, नाव लिहीत नाही.

सराव कुठे करायचा? माझ्या घराजवळ जॉन्सटाउनचं कॅथलिक चर्च आहे. तिथलं कुंड बारा बाजूंचं. कोनाड्यांत प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, उभे, आणि मुकुट घातलेली मारिया, तिला आशीर्वाद देणारा ख्रिस्त. पण हे कुंड जॉन्सटाउनचं नाहीच. ते जवळच्या किलकार्नच्या पडक्या चर्चमधलं. कॅथलिकांच्या छळाच्या काळात ते जमिनीत पुरून ठेवलं होतं असं सांगतात. विल्यम वाइल्ड, म्हणजे लेखक ऑस्कर वाइल्डचे वडील, यांनी बॉइन नदीवरच्या 1849च्या पुस्तकात त्याची नोंद केली आहे.

हे स्थलांतर लक्षात ठेवलंत तर अर्धे घोळ टळतात. 16व्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर जुनी चर्चं प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडकडे गेली, कित्येक ओस पडली, आणि कॅथलिकांनी पुढे नवी बांधली. त्यामुळे 19व्या शतकातल्या इमारतीत 15व्या शतकातलं कुंड, असं सर्रास आढळतं. मीथमधल्याच कराहा गावच्या चर्चमधलं कुंड क्रिक्सटाउनहून आलेलं. सरकारी पुरातत्त्व नकाशा ऑनलाइन फुकट बघता येतो, त्यात ‘फॉन्ट’ असा एक प्रकार आहे आणि ‘फॉन्ट, सध्याचं ठिकाण’ असा दुसरा. निघण्याआधी कुठल्या ठिपक्यावर काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर रिकाम्या दफनभूमीत उभे राहाल. मी राहिले आहे, पावसात.

अशा दफनभूमींजवळ कधीकधी एखादा उंचवटा आणि विखुरलेले साधे दगड दिसतात. त्यांतले काही ‘किलीन’ असतात, बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळांना पुरण्याची जागा. पवित्र जमिनीत त्यांना जागा नव्हती. म्हणून तर जन्मल्या जन्मल्या कुंडाकडे धावपळ, आणि बाळ तेवढंही टिकणार नाही असं वाटलं तर सुईणीने तिथेच पाणी घालून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे, ही चर्चची परवानगी. आजीलाही ते शब्द पाठ होते. तिने किती वेळा म्हटले, हे मी कधी विचारलं नाही.

कॅथलिक चर्च बहुधा दिवसा उघडं असतं. मिस्सा (म्हणजे उपासना), लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर बाहेर थांबा. चर्च ऑफ आयर्लंडची लहान चर्चं मात्र उपासनेपुरतीच उघडतात, चावी कुणाकडे आहे ते गावातल्या दुकानात विचारावं लागतं. ड्रॉहेडाच्या चर्च ऑफ आयर्लंडच्या सेंट पीटर्समध्येही मूर्ती कोरलेलं जुनं कुंड आहे, तिथे आधी विचारून जा. फोटोआधी विचारा. कुंडात फुलांची परडी ठेवलेली असेल तर स्वतः उचलू नका, सांगा, ते उचलून देतात.

एकच कुंड बघायला वेळ असेल तर क्लोनार्डला जा. डब्लिनहून पश्चिमेला गाडीने तासाभराचा रस्ता. सेंट फिनियनच्या चर्चमध्ये करड्या दगडाचं अष्टकोनी कुंड आहे. एका चौकटीत यॉर्दन नदीतला येशूचा बाप्तिस्मा, म्हणजे कुंडावर कुंडाचंच काम. दुसरीत बाळ येशूला घेऊन मारिया आणि योसेफ यांचं इजिप्तला पलायन. टॉर्च डावीकडून धरा. आधी गाढव सापडतं, मग त्यावरची आई, आणि शेवटी तिच्या कुशीतलं बाळ. मी दर वेळी बाळ कसं धरलंय तेच बघते. मान सांभाळलेली आहे.